उसने दिलेले चार कोट

बंबवाल्याला दार उघडा असं कुणाला सांगावं लागत नाही, असं नाना नेहमी म्हणत. पोलीस आला तर माणूस आधी घरात काय काय पडलंय ते आठवतो. डॉक्टर आला तर पोटात गोळा येतो. बंबवाला आला की मात्र लोक धावत येऊन कडी काढतात. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत नानांनी मिळकत मानली ती एवढीच. पदकंही दोन होती, पण ती बायकोने कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवून दिली होती.

नाना अग्निशमन केंद्राचे प्रमुख आणि त्यांचा साडू त्याच भागातला पोलीस निरीक्षक. सख्ख्या बहिणींचे नवरे, त्यामुळे जेवायला बसले की थट्टा ठरलेली. साडू म्हणे, आम्ही पकडायचं आणि तुम्ही भिजवायचं. नाना म्हणत, तुम्ही आलात की लोक पळतात, आम्ही आलो की लोक येतात, फरक एवढाच. पण थट्टेखाली माया होती. भरतीच्या वेळी नानांनीच या पोराला पहाटे उठवून, मागे शिट्टी फुंकत पळवलं होतं. पाठचा भाऊ नव्हता, देवाने साडू दिला, असं ते चारचौघांत बोलून दाखवत.

तर एका सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला. दुकानांची एक जुनी तीन मजली इमारत पाडायची ठरली होती. दुसऱ्या मजल्यावर एक घड्याळजी होता. मालकाचा कारकून त्याच्या दुकानाला सील ठोकायला गेला, तेव्हा घड्याळजीने त्याला आदराने आत घेतलं, दार लावलं आणि खालच्या दुकानदाराला फोनवर कळवलं की आत बॉम्ब आहे, कुणी वर आलं तर उडवून देईन.

अशा वेळी पुढे पोलीस आणि मागे बंबवाले, ही रीत ठरलेली. बंब उलटा उभा करायचा, तोंड मोठ्या रस्त्याकडे, म्हणजे पळायची वेळ आली तर वळवत बसायला नको. नळ्या अंथरून पाण्याने भरून ठेवायच्या आणि हात चोळत थांबायचं. वायरलेस बंद ठेवायचा, कारण त्याच्या लहरींनी बॉम्ब फुटू शकतो. मग निरोप माणसानेच चालत जाऊन माणसाला सांगायचा. कुणी सांगितला नाही, तर कळत नाही.

साडू पिवळ्या फितीपाशी आला. म्हणाला, घड्याळजीकडे सुटे भाग डाग देऊन जोडायला गॅसची शेगडी आहे, भडका उडाला तर माझी माणसं साध्या कपड्यांत होरपळतील. चार कोट द्या, हेल्मेट द्या, मास्क द्या. नानांना त्यात वावगं काय वाटावं? बंबावरचे जादा कोट त्यांनी स्वतः काढले. चौघांच्या अंगावर स्वतः चढवले, एकेकाचं गळ्याजवळचं बक्कल आवळून दिलं. इथे सैल ठेवू नका रे, ठिणगी आत शिरते, म्हणाले. लेकरांना शाळेत धाडताना आई करते, तसं सगळं निगुतीने केलं. वर साडूला बजावलं, कोट धुऊन परत द्यायचे, नाहीतर तुझ्या बायकोकडे वसूल करीन.

इतक्यात घड्याळजीने खिडकीतून डोकं काढलं. पोलिसांशी बोलणार नाही, नानांना पाठवा, म्हणाला. ओळख जुनी होती. केंद्रातलं भिंतीवरचं घड्याळ तोच दुरुस्त करी, आणि बंबवाल्यांना उशीर नको म्हणून मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवी.

साडूने नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "जा तुम्ही. तुमच्यावर विश्वास आहे त्याचा. आम्ही कुणी वर येत नाही."

"नक्की?"

"तुमच्या मेहुणीची शपथ."

स्वतःच्या बायकोची शपथ घेतल्यावर माणूस आणखी काय घेणार? नाना जिना चढले.

दार बंद होतं. आतून बारीक टिकटिक ऐकू येत होती. एका घड्याळाची नाही, शेकडो मुंग्या चालाव्यात तशी.

"एकटेच का?" घड्याळजीने विचारलं.

"एकटाच. लागलंच तर माझी पोरं नळी घेऊन येतील. बंबवाल्याशिवाय या जिन्यावर कुणी चढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

मग तो बोलू लागला. दुकानात लोकांची एकशे बेचाळीस घड्याळं होती. कुणाच्या बापाचं, कुणाला लग्नात आलेलं, कुणाच्या गेलेल्या मुलीचं. सील लागलं की सगळी भिंतींसकट ढिगाऱ्यात जाणार. त्याने तीन अर्ज केले, आठ दिवस द्या, एकेकाला बोलावून परत करतो. कुणी अर्ज वाचलाच नाही. बॉम्ब म्हणाल तर पत्र्याच्या डब्यात गजराची चार घड्याळं आहेत, नाना, बाकी काही नाही. हे सांगताना त्याचा आवाज शरमला. मधूनच कारकून आतून विनवत होता, काय ते लवकर ठरवा, मला लघवीला जायचंय. यावर घड्याळजीला हसू आलं, नानांनाही आलं. देवाशपथ, त्या घटकेला सगळं संपल्यातच जमा होतं.

नाना म्हणाले, गॅस बंद कर, कडी काढ, त्या बिचाऱ्याला मोकळा कर, मी तुझ्याबरोबर खाली येतो आणि आठ दिवस मागून घेतो. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. नानांनी वळून पाहिलं. चार कोट, चार हेल्मेट, तोंडावर मास्क. आत घड्याळजी दचकला. कोण आलं, असं त्याने विचारलं.

"घाबरू नको," नाना म्हणाले. "माझीच माणसं आहेत."

कडी सरकू लागली. ती जुनी होती, अडकत अडकत सरकत होती. नानांची नजर खाली गेली. बंबवाल्याच्या पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट असतात. या चौघांच्या पायात तपकिरी कातड्याचे, नाडीचे, पॉलिश केलेले बूट होते. पुढच्याचं गळ्याजवळचं बक्कल तर नानांनीच आवळलेलं.

एक शब्द बोलायला वेळ होता. 'नको' एवढाच. शब्द देताना चुरूचुरू चाललेली जीभ तेव्हा टाळ्याला चिकटली. कडी निघाली आणि चौघे नानांना भिंतीशी रेटून आत घुसले.

मोजून दहा सेकंदांचं काम. डबा लाथेने उडाला, त्यातली गजराची घड्याळं लादीवर पडून एकदम वाजायला लागली. घड्याळजी पालथा पडला होता. त्याचा उजवा हात पाठीवर पिरगळताना मनगटात काडकन आवाज झाला. त्याने शिवी दिली नाही, तो ओरडला नाही. लादीला गाल टेकलेल्या अवस्थेत नानांकडे बघून म्हणाला, "तुम्ही म्हणालात म्हणून उघडलं."

खाली साडू सगळ्यांशी हात मिळवत होता. कारकुनाला ओरखडासुद्धा नाही, एक गोळी सुटली नाही, असं सांगत होता. नानांनी त्याला बंबाच्या आडोशाला ओढलं.

"त्याने कडी काढलीच होती. डब्यात काही नव्हतं. मला त्याने सांगितलं होतं."

"तुम्हाला सांगितलं, मला कोण सांगणार? आत खरंच बॉम्ब असता तर?"

"मग मला आधी का सांगितलं नाहीस?"

साडूने टोपी काढून बगलेत धरली. मग अगदी आपुलकीने बोलला, त्या आपुलकीनेच नानांना जास्त लागलं. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही, नाना. अख्ख्या घराला माहीत आहे. तुम्हाला ठाऊक असतं, तर त्याने दार उघडलं नसतं."

म्हणजे खरेपणाचीच किल्ली केली होती आणि कुलूप उघडल्यावर ती खिशात टाकली होती. नाना नळ्या गुंडाळायला गेले. पुढे ते कोठडीत घड्याळजीला भेटायला गेले, तर त्याने प्लास्टरमधला हात हलवून नको म्हणून सांगितलं. कोट तिसऱ्या दिवशी परत आले, धुतलेले, इस्त्री केलेले. नानांनी ते बंबावर चढवले नाहीत, मागच्या खुंटीवर टांगले. घरी मेहुणी आली की ते बाहेर फिरायला जात. बायको विचारी, तुमचं दोघांचं काय बिनसलंय? ते म्हणत, काही नाही, माझ्या पोटात दुखतंय.

वर्तमानपत्रात मात्र फोटो आला होता, बंबवाल्यांच्या वेषातले पोलीस. तो सगळ्यांनी पाहिला.

तीन आठवड्यांनी दुपारी जवळच्याच एका चाळवजा इमारतीत विजेच्या पेटीने पेट घेतला. वीज तोडली, तरी जिना धुराने भरला. वरच्या खोलीत एक म्हातारी एकटीच राहत होती, तिच्या मुलाला पोलीस कसल्याशा प्रकरणात शोधत होते. दार लोखंडी. नानांनी मुठीने ठोकलं.

"कोण?"

"बंबवाले, आजी. उघडा लवकर."

आत खोकल्याची उबळ आली. मग प्रश्न आला, "खरे, का ते?"

नाना दाराला कपाळ टेकून म्हणाले, खरे आहोत, आजी, आग खालीच आहे. ती म्हणाली, तो घड्याळवालाही असंच ऐकून फसला. मागे पोरं कटर आणायला धावली, पण लोखंड कापायला वेळ लागणार आणि धूर तर कमरेपर्यंत उतरलेला.

"पाणी दाखवा," म्हातारी आतून म्हणाली. "बंबवाले असाल, तर पाणी दाखवा."

नानांनी नळी हिसकून घेतली, गुडघ्यांवर बसले आणि दाराखालच्या फटीला तिचं तोंड लावून पाणी सोडलं. पाणी आत गेलं. बराच वेळ काही झालं नाही. मग ओल्या लादीवर अनवाणी पावलं चपचपली आणि कडी निघाली.

म्हातारी वाचली. पण दवाखान्यात तिला चार दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. स्ट्रेचर खाली आणताना साडू गर्दी हटवत उभा होता. त्याने विचारलं, इतका वेळ का लागला हो वर? नाना म्हणाले, ओळख पटवत होतो.

संध्याकाळी ते पोलीस ठाण्यात गेले. खांद्यावर चार कोट होते. ते त्यांनी साडूच्या टेबलावर ठेवले. कागदांवर पाण्याचा ग्लास कलंडला, तोही उचलला नाही.

"हे काय, नाना? आम्ही परत दिले होते की."

"हे आता आमच्या अंगावर चढत नाहीत," नाना म्हणाले. "तुम्हीच वापरा. ओळख पटवायला आम्हाला नळी आहे."

साडू खुर्चीतून उठला, चहा तरी घ्या, म्हणाला. नाना तोवर दारापर्यंत पोहोचले होते.