ताईच्या जागी स्टँड

तुम्ही माझ्या ताईच्या जागी स्टँड लावलात, मॅडम. लोखंडी, काळा, खाली रूळ, वर माईक. आणि मलाच म्हणालात, "बघा, कशी छान सोय झाली."

सोय हा शब्द तुमच्या कलाकेंद्रात फार चालतो. गाड्यांची सोय, पाण्याची सोय, जिना चढता न येणाऱ्यांची सोय. त्याच रांगेत ताईची सोय. मला विचाराल तर याला विल्हेवाट म्हणतात. पण मला कुणी विचारलंच नाही, आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

हे मी तुमच्या खोलीत येऊन बोललो असतो तर तुम्ही चहा मागवला असता. एकदा मागवलातच. समोर चहा आला की मला भांडता येत नाही, हा माझा दोष. म्हणून इथे चारचौघांत लिहितोय. बाकीच्यांना मात्र आधी सगळं सांगायला हवं, नाहीतर म्हणतील, एका स्टँडवरून केवढा तमाशा.

आमच्या बाबांचं लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. सभा असो, शाळेच्या मैदानावरचे खेळ असोत की कुणाच्या नव्या दुकानाचं उद्घाटन, आमचे कर्णे जायचे. माईक स्पीकरच्या फार जवळ गेला की काय होतं ते सगळ्यांनी ऐकलंय. कानात सुई घातल्यासारखी शिट्टी. माईक स्पीकरचं ऐकतो, स्पीकर तेच मोठ्याने सांगतो, माईक ते पुन्हा ऐकतो, आणि दोघांचं असं जुंपतं की तिसऱ्याने सोडवल्याशिवाय सुटत नाही. बाबा म्हणायचे, माईक रडतोय. "माईक रडतोय, लांब घे." मला वाटतं, चालायला येण्याआधी मला हे वाक्य येत असावं.

मी शेंडेफळ. घरात मला बारक्या म्हणत आणि आता दारातून आडवं जावं लागेल असा देह झाला तरी ताई बारक्याच म्हणते. माईक घेऊन मैदानभर "हॅलो, हॅलो, चेक" करत फिरायचं काम तिचं. स्पीकर हलवायचं माझं. एका दुपारी बाबा दुकानातून जेवायला गेले असताना तिला ती जागा सापडली. रडणं आणि गप्प बसणं यांच्या मधली. माईक तिथे रडतही नाही, गप्पही बसत नाही. गुणगुणतो. पाऊल पुढे टाकलं की सूर चढतो, मागे घेतलं की उतरतो. मधून कुणी गेलं की थरथरतो. मी स्पीकर छातीशी धरून उभा होतो आणि ताई माईक घेऊन माझ्याभोवती फिरत होती, अंधारात भिंत चाचपावी तशी. बाबा आले, दारातच उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता बसतोय रपाटा. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "छान आहे. पण भाड्याने कोण नेणार?"

पुढे आम्ही तेच करत गेलो. पट्ट्यांनी छातीवर स्पीकर बांधलेला मी आणि हातात माईक घेतलेली ताई. दोघं चालायचो आणि चालण्याचाच सूर व्हायचा. ठरलेलं काही नसायचं. तिचं पाऊल कुठे पडणार हे मला सुरावरून कळायचं, माझं तिला. कधी मी मुद्दाम अंगावर धावून जायचो, तर ती बरोब्बर तेवढीच मागे. नाव ठेवलं, "लांब घे". रिकाम्या गोदामांत, बंद पडलेल्या दुकानांत, कुणी जागा देईल तिथे केलं. एकदा मागून एक गृहस्थ ओरडले, "अहो, तुमचं मशीन बिघडलंय." ताई चालता चालताच म्हणाली, "हो, पण आम्ही दुरुस्त करत नाही." त्या दिवशी टाळ्या त्या उत्तरालाच जास्त पडल्या.

मग ताईची बदली झाली. बदलीच्या गावी लग्न झालं, मुली झाल्या, सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मी मागे राहिलो आणि काहीबाही करत राहिलो. तारा ताणलेल्या खोल्या, पाण्याच्या थेंबांवर पेटणारे दिवे, माणूस जवळ आला की बोलायला लागणाऱ्या भिंती. तुमच्या पत्रकात मला प्रयोगशील ध्वनिकलावंत म्हटलंय. आमच्या गल्लीत विचारतात, नोकरीचं कुठवर आलं. ते असो. पण "लांब घे" मी दुसऱ्या कुणाबरोबर केलं नाही. एका नर्तकीबरोबर करून पाहिलं, नाही असं नाही. ती इतकी सुंदर चालायची की माईकसुद्धा ऐकायचं सोडून तिच्याकडे बघत बसला असावा. सूर लागलाच नाही.

अशात तुमचं बोलावणं आलं. नवं दालन, भिंतभर पडदा, जमिनीत दिवे. तुम्ही स्वतः म्हणालात, "मला ‘लांब घे’ हवंय, तुम्हा दोघा भावंडांचं." मॅडम, त्या वाक्यासाठी मी तुमचे पाय धरले असते. मी ताईला फोन लावला.

"ताई, एक विचारू?"

"रडणार नसशील तर विचार."

"‘लांब घे’चं बोलावणं आलंय. तुझ्यासकट."

"अरे, माझ्या दोन्ही हातांत आता पिशव्या असतात. माईक कशात धरू?"

"तोंडात धर."

ती हसली आणि म्हणाली, "बघते." आमच्या घरात ‘बघते’ म्हणजे नाही. मी तुम्हाला काय कारण सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो, तर तिचाच फोन. "रजा मिळाली. आईंचं हे बघतील म्हणालेत. पण ऐक, तू ओरडायचं नाहीस हं. मला काही आठवत नाहीये."

मी म्हटलं, मी कधी ओरडलो. ती म्हणाली, "सांगू?"

आणि तिने सराव सुरू केला. धाकट्या मुलीचा गाण्याचा स्पीकर स्टुलावर ठेवला, कुणाकडून तरी माईक आणला. पहिल्याच दिवशी सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, गॅस बंद कर, कधीची शिट्टी होतेय." हे सांगताना ताईला हसू आवरेना. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "बारक्या, पाय आपोआप मागे गेले रे. मी नाही नेले."

त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस जगलो. स्पीकरच्या पट्ट्या बदलल्या. ती स्टेशनवर उतरली की आधी काय बोलायचं, तिला कुठे जेवायला न्यायचं, दालनात कुठल्या कोपऱ्यात तिला उभी करून सुरुवात करायची, सगळं मनात घोळवलं. माणूस दूर असण्याची सवय होते असं म्हणतात. होते. फक्त ते येणार असं कळलं की ती सवय एका क्षणात मोडते, आणि मग ते आलं नाही की दुसरी लावून घेता येत नाही.

तिची रजा तुमच्या तालमींना पुरत नव्हती. बरोबर. पडद्याची आणि दिव्यांची जुळणी तिच्या चालण्याशी करायची तर ती आधीपासून हवी होती. तेही बरोबर. मग तुम्ही काय केलंत? आमच्या एका जुन्या प्रयोगाची व्हिडिओफीत शोधून काढलीत, तुमच्या तांत्रिक मंडळींनी त्यातून ताईचं एकेक पाऊल मोजलं, जमिनीत रूळ टाकले, स्टँडला मोटर बसवली. आणि मग मला नव्हे, तिला फोन केलात.

मला ते ताईकडूनच कळलं.

"त्या मॅडम फार चांगल्या आहेत हं. म्हणाल्या, तुमची धावपळ नको, आम्ही सगळी सोय केलीय. बरंच झालं."

"बरंच झालं म्हणजे?"

"बरंच झालं म्हणजे बरंच झालं. आईंना सोडून यायचं जिवावरच आलं होतं."

"मग नुसती बघायला ये."

"बघायला काय यायचं एवढ्या लांब. व्हिडिओ पाठव ना." आणि मग, "जेवलास का?" ताईला विषय संपवायचा असला की ती माझ्या जेवणावर येते.

मी तडक तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणालात, "पण त्या अगदी आनंदाने हो म्हणाल्या." तेवढ्यात चहा आला.

लोक विचारतील, मग तू वाजवलंस कशाला, नाही म्हणायचं. म्हणणारच होतो. पण दुसऱ्या दिवशी ताईने विचारलं, "कार्यक्रम होतोय ना रे? माझ्यामुळे काही अडलं नाही ना?" आता यावर कुठला भाऊ काय सांगणार? म्हटलं, होतोय.

प्रयोगाबद्दल मला खोटं बोलायचं नाही. वाईट वाजलं नाही. तुमच्या मंडळींचं काम चोख होतं. सूर स्वच्छ लागत होता, पडद्यावरची निळी रेघ त्याच्याबरोबर वर-खाली होत होती, पायाखालचे दिवे पाण्यासारखे सरकत होते. आणि स्टँड ताईसारखा चालत होता. तुम्हाला ते कौशल्य वाटलं असेल. मला काय वाटलं ते सांगतो. दोन पावलं सावकाश, तिसरं घाईचं, मग थोडं रेंगाळणं, हे चालणं जगात एकाच बाईचं आहे. वर डोकं नाही, हात नाही, आणि चाल तिची. तीही आत्ताची नाही. तेव्हाची, हात मोकळे होते तेव्हाची. मी धावून गेलो तर मात्र तो मागे सरायचा नाही. त्याला मी तिथे असल्याची गंधवार्ता नव्हती. मीच त्याच्या बेताने मागे-पुढे होत होतो. लोकांना कळलं नाही. सूर दोघांचा होता, ऐकत मात्र एकटा मी होतो.

मग ती जागा आली. त्या जुन्या प्रयोगात चालता चालता ताईच्या पायात वायर अडकली होती. ती थांबली, पाय दोनदा झटकला, तरी सुटेना. मी जवळ जाऊन वाकलो आणि वायर सोडवली, तेव्हा छातीवरचा स्पीकर थेट माईकखाली आल्यामुळे माईकने असा टाहो फोडला की आम्ही दोघं हसत सुटलो होतो. तुमच्या मंडळींना हे कुठून ठाऊक असणार? फितीत वायर नीट दिसत नाही. त्यांना वाटलं, हाही प्रयोगाचाच भाग. त्यांनी तेही मोजून घेतलं.

स्टँड थांबला. गुळगुळीत रुळावर, काहीही अडकलेलं नसताना, मागे-पुढे हिसके देऊ लागला. पाय सोडवून घेणाऱ्या माणसासारखा.

आणि मी गेलो, मॅडम. मला ठाऊक होतं की ते लोखंड आहे. तरी गेलो, वाकलो आणि खाली हात फिरवून वायर शोधू लागलो. थंड रूळ हाताला लागत होता. डोक्यावर माईक रडत होता आणि लांब घे म्हणायला कुणी नव्हतं.

टाळ्या थांबेनात. तुम्ही आत येऊन माझ्या कानाशी म्हणालात, "तो वाकण्याचा क्षण अप्रतिम होता. पुढेही ठेवा."

व्हिडिओ मी ताईला पाठवला. तिचा फोन आला. "छान झालं रे. जाड झालास." आणि मग, "मध्येच वाकून काय शोधत होतास?"

मी म्हटलं, "स्क्रू पडला होता."

"सापडला?"

"नाही."

तिला आठवत होतं आणि ती विचारत होती, की आठवतच नव्हतं म्हणून विचारत होती, ते मला कळलं नाही. ज्या बाईचं पाऊल मी डोळे मिटून सांगायचो, तिच्या एका प्रश्नाचा मला अर्थ लागला नाही.

आता तुम्हाला हा प्रयोग गावोगाव न्यायचा आहे, स्टँड, रूळ आणि मी. तुमच्या माणसाचा तीनदा निरोप आला, होकार कळवा. कळवतो. आधी तुम्ही मला सांगा.

ताईला विचारून उपयोग नाही. ती मला बरं वाटेल तेच सांगणार. लहानपणी माझं कडू औषध आधी स्वतः चाटून "गोड आहे" म्हणणारी बाई आहे ती. तुम्हाला मला बरं वाटावं असं काही कारण नाही. तुमच्याकडून खरं मिळेल.

तुम्ही तिला म्हणालात की यायची गरज नाही. त्यावर ती लगेच "बरं" म्हणाली, की आधी दुसरं काही म्हणाली? मी सराव सुरू केलाय, असं काही म्हणाली का? माझ्या भावाला चालेल ना, असं विचारलं का तिने? की डोक्यावरचं ओझं उतरावं तशी मोकळी हसली? हसली असेल तर तसं सांगा. मला लागेल, पण मग मी तुमच्या त्या स्टँडबरोबर म्हणाल त्या गावात वाजवीन आणि म्हणाल तिथे वाकेन. आणि हसली नसेल, तर तुम्ही एका बाईच्या हातातून माईक काढून घेतलात आणि त्याला ‘आनंदाने’ हे नाव दिलंत.

चहा नको. उत्तर द्या. काय म्हणाली ती?