टेबलाच्या अलीकडची

मी खुर्ची बोलतेय. मऊ पाठीची, गोल फिरणारी ती नव्हे. ती टेबलाच्या पलीकडे असते आणि सरांची असते. मी अलीकडची. लोखंडी नळीचे चार पाय, प्लायवूडची बैठक आणि पाठीला एक फळी. माझ्यावर जो बसतो त्याला काहीतरी विचारायचं असतं.

आम्ही बहिणी एकाच कारखान्यात जन्मलो. कुणी नळ्या वाकवल्या, कुणी फळ्यांना भोकं पाडली, कुणी स्क्रू पिळले. मग एकमेकींच्या मांडीवर बसून आम्ही ट्रकमधून निघालो. ट्रक एकेका कॉलेजच्या दारात थांबायचा, चार-सहा जणी उतरायच्या. मी सगळ्यात शेवटच्या, लहानशा कॉलेजात उतरले. निरोप घ्यायचं कुणाला सुचलंच नाही.

माझी नेमणूक झाली मार्गदर्शन कक्षात. नाव भारदस्त, खोली एवढीशी. टेबल, कपाट, एक खिडकी. कुठले विषय घ्यावेत, कुठला सोडावा, पुढे काय शिकावं, हे विचारायला मुलं इथे यायची. मुलं कशी बसतात ते मला विचारा. घरच्यांनी ढकललेला मुलगा मागे रेलून बसतो. जिचं स्वतःचं काही ठरलेलं असतं ती टोकावर बसते, आणि मला वाटत राहतं, ही आता उडणार. सुट्टीत खोली बंद असली की खिडकीतलं ऊन सावकाश माझ्या अंगावरून सरकायचं. अर्धवट झोपेत मी उठून गेलेल्यांची वजनं आठवत राहायची. माणूस जातो, पण त्याचा प्रश्न थोडा वेळ बैठकीवर ऊबदार राहतो.

सर मायाळू होते. कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवणं त्यांना जमायचंच नाही. प्रश्न पुरता बाहेर पडायच्या आत त्यांचं उत्तर तयार. साऱ्या कॉलेजात त्याचं कौतुक होतं. मलाही होतं, घाई येईपर्यंत.

घाई म्हणजे सॉफ्टवेअर तयार करणारी मुलगी. नाव वेगळं असणार, पण सरांनी पहिल्याच दिवशी हे ठेवलं आणि तेच चिकटलं. आसपासच्या सगळ्या कॉलेजांनी मिळून तिला काम दिलं होतं. सल्ल्यासाठी सर्वांची मिळून एकच ऑनलाइन सिस्टिम करायची. एका कॉलेजातल्या मुलाला दुसऱ्या कॉलेजातल्या सल्लागाराला विचारता आलं पाहिजे. आमचं कॉलेज सगळ्यात छोटं, इथे सल्लागार एकटे सर, म्हणून तिने मुक्काम इथेच टाकला. माझ्यावर पाय दुमडून बसायची, मांडीवर लॅपटॉप, दातांत पेनाचं टोपण.

तिच्या ऑनलाइन बैठका मी बसल्या जागी ऐकल्या. पडद्याच्या वरच्या पट्टीवर कुणाचं बोधचिन्ह आधी, यावर एक बैठक. पट्टीच्या निळ्या रंगावर दुसरी. तो निळा फार थंड वाटतो म्हणून तिसरी. एक प्राचार्य म्हणाले, "आमची मुलं पळवायचा डाव नाही ना हा?" घाईने आवाज बंद केला आणि भिंतीला सांगितलं, "यांना सिस्टिम नकोय, स्वतःचा सत्कार हवाय." मग आवाज चालू करून गोड म्हणाली, "नाही सर, मुलं तुमचीच राहतील."

शेवटी सिस्टिम उभी राहिली. पहिल्यांदा सरांच्या कॉम्प्युटरचा पडदा उजळला तो दिवस मला पाण्याखालून पाहिल्यासारखा आठवतो. टेबलावर उजेड हलत होता. कुठल्या तरी लांबच्या खोलीत कुणीतरी खुर्ची ओढून बसलं, आणि त्या खुर्चीची कुरकुर तारेतून माझ्यापर्यंत आली. मी ती ओळखली. आमच्या कारखान्यातलीच कुरकुर होती ती. पुढे कितीतरी दुपारी मी स्वप्नात सगळ्या खोल्यांतून एकदम बसलेली असायची, आणि कोणाचे पाय कोणाचे हे मला कळायचं नाही.

पण झालं काय, की सगळं जोडलं गेलं आणि काहीच हललं नाही. महिना झाला तरी एका कॉलेजातला एकही प्रश्न दुसरीकडे गेला नाही. "पुढे पाठवा" असं एक बटण होतं. ते कुणी दाबेना. प्रत्येक ठिकाणचे सल्लागार आलेल्या प्रत्येक प्रश्नाला स्वतःच उत्तर देत होते, ठाऊक असो नसो.

आणि विषय निवडायच्या शेवटच्या दिवशी ती मुलगी आली. टोकावर बसली. तिच्या खिशात दगड होते, ते मला टोचले. एक तिने टेबलावर ठेवला.

"सर, मला यांचंच शिकायचंय. डोंगर कसे होतात, ते. आपल्याकडे नाही ना तो विषय?"

"नाही बाळ. पण हौस म्हणून जमव की. गणितात किती पडलेत?"

ती पुटपुटली. सर हळहळले. "मग गणित सोडून दे. सोपं काहीतरी घे, आधी पदवी पदरात पाड. डोंगर कुठे पळून जात नाहीत."

ती मान हलवून उठली. दगड टेबलावरच राहिला. दार लागलं तशी कोपऱ्यात जमिनीवर बसलेली घाई ताडकन उभी राहिली.

"सर, त्या अभ्यासक्रमाला गणित लागतं की नाही, माहीत आहे तुम्हाला?"

"तसं... लागत नसावं."

"नसावं? त्या बटणाला काय काटे आहेत?"

"अगं, इतकी वर्षं मुलं माझ्याकडे येतात. आता त्यांना सांगू, मला कळत नाही, पलीकडे विचारा?"

"हो. तेच सांगा."

"घाबरलेली येतात ती." सरांचा आवाज खाली आला. "समोरचाच म्हणाला, मला माहीत नाही, की त्यांचं तोंड बघवत नाही. आणि मग ती जातील कुठे?"

"जायला जागा आता आहे ना, सर. नाहीतर एवढ्या तारा कशाला ओढल्या मी?"

सर टेबलावरचा दगड बोटांनी फिरवत राहिले. घाई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मला पाठीला धरून उचललं, टेबलाला वळसा घातला आणि सरांच्या खुर्चीला खेटून ठेवलं. इतक्या वर्षांत त्या बाजूने मी खोली पाहिलीच नव्हती. दार केवढं लांब दिसत होतं तिथून.

"हे काय?" सर म्हणाले.

"तुम्ही तिला पाठवू नका कुठे. तुम्हीही विचारा. तिच्यासोबत बसून."

तिने जिन्यातून मुलीला हाक मारली. मुलगी माझ्यावर बसली, सर शेजारी, दोघांची तोंडं पडद्याकडे. सरांचं बोट बटणावर बराच वेळ अडखळलं. दाबलं. पडद्यावर दुसऱ्या कॉलेजातल्या बाई आल्या. केस विस्कटलेले, हातात चहाचा कप.

सर खाकरले. "आम्हाला दोघांना एक विचारायचंय. मी हिला गणित सोड म्हटलंय. बरोबर सांगितलं का, मला माहीत नाही."

माझ्यावर बसलेल्या मुलीचं वजन एकदम हललं. तिने सरांकडे वळून पाहिलं असावं.

"अहो, सोडलं तर आमचं दार बंद," बाई म्हणाल्या. "गणित ठेवावंच लागेल. आणि घाबरू नकोस गं, मीसुद्धा त्याच्यात गटांगळ्या खाल्ल्यात. तिसऱ्या एका कॉलेजातले सर अडलेल्यांना शिकवतात, या सिस्टिमवरूनच. जोडून देऊ?"

"द्या," सर मुलीच्या आधी म्हणाले. मग तिला म्हणाले, "म्हणजे, तुला हवं असेल तर."

मुलीने विषयांच्या अर्जावर गणितापुढे खूण केली. या वेळी ती टोकावर नव्हती, पाठ टेकून बसली होती.

त्या संध्याकाळी घाईने सिस्टिम बदलली. पुढे पाठवलेला प्रश्न आता सरांच्या हातून सुटत नाही, पलीकडचं उत्तर येईपर्यंत तेही त्यात असतात. दुसऱ्या दिवशी तिने एकेका कॉलेजला फोन लावला. "मुलाची खुर्ची उचला आणि शेजारी ठेवा. हो, खुर्ची. नाही सर, याला बैठक लागत नाही."

ती मुलगी डोंगरांपर्यंत पोचली की नाही, मला ठाऊक नाही. घाई काम संपवून गेली. सर अजून कधीकधी घाईघाईने उत्तर देऊन टाकतात, मग थांबतात आणि म्हणतात, "थांब, विचारू."

माझी बैठक आता खोलगट झाली आहे, एक पाय डुगडुगतो. नव्या खुर्च्या येणार म्हणतात. येऊ देत. मला गच्चीवर टाका, कपाटामागे उभी करा, मी पडून स्वप्नं बघेन. पण माझ्या जागी जी येईल, तिला पुन्हा टेबलाच्या अलीकडे नेऊ नका.