उघड्या अंगाचं वजन

जरा खाली बघा. कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्यात ना, त्यांच्या खाली. हो, मीच बोलतोय. मी एक काटा आहे, तान्ह्या बाळांचं वजन करायचा. उमेदीची बरीच वर्षं औषधांच्या दुकानात गेली, त्यामुळे अंगाला औषधांचा वास येतो. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याचं पोट, पोटात स्प्रिंग, पुढे गोल तबकडी, तिच्यावर लाल काटा आणि डोक्यावर बाळाला निजवायची खोलगट ताटली. बाहेर पाठवायच्या आधी एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्यावर पाच किलोचं वजन ठेवलं. मी पाच दाखवले. त्याने वजन उचललं, मी शून्यावर आलो. त्याने असं दहा वेळा केलं आणि मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा. कुणी कितीही गोड बोललं तरी आहे तेवढंच दाखव."

माझ्यावर संस्कार म्हणाल तर एवढाच.

आधी मी एका मोठ्या दवाखान्यात होतो. तिथे बाळ ठेवायचे, आकडा लिहायचे, बाळ उचलायचे. कुणाचं कोण ते कळायचंच नाही. पुढे नवीन यंत्र आलं आणि मी मोडक्या खुर्च्यांबरोबर अडगळीत गेलो. तिथून मला मावशीने आणलं.

मावशी म्हणजे औषधांच्या दुकानाची मालकीण. औषधांचं रीतसर शिक्षण घेतलेली, भिंतीवर तिचं प्रमाणपत्र आहे. पण लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणतात. दुकान चार रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर. डॉक्टर लांब, तिथे रांग मोठी, म्हणून काही झालं की माणसं आधी इकडे येतात. औषध मागायला येतात आणि घरचं सगळं सांगून जातात.

एक रिटायर झालेले ड्रायव्हर काका होते. त्यांच्या दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या मावशीने शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, "काका, या दोन गोळ्यांची नावं वेगळी आहेत, औषध एकच. ती आडनाव बदलून दोनदा पंगतीला बसलीय."

काका म्हणाले, "तरीच. सकाळी उठलो की घर गरगरतं. मी आपला बायकोला बोल लावत होतो."

मावशीने दोन्ही डॉक्टरांना फोन केला आणि एक गोळी बंद करून घेतली. काका अजून येतात. आता घर फिरत नाही, काकाच फिरतात.

माझं काम मात्र बाळांचं. मावशी वजन फुकट करून द्यायची आणि प्रत्येक बाळाच्या कार्डावर तारखेसकट लिहायची. तिचा एक नियम होता. तान्ह्याचं वजन करायचं ते उघड्या अंगाचं, औषध द्यायचं असेल तर हमखास. एवढ्याशा जिवाला थेंबभर कमी-जास्त म्हणजे खूप असतं, असं ती म्हणायची.

इतकी वर्षं बघून मला एक गोष्ट कळली. बाळाला ताटलीत ठेवलं की आई आधी माझ्याकडे बघत नाही. शेजारी जे उभं असेल त्याच्या तोंडाकडे बघते.

अशीच एक आई यायची. वयाने लहान, पहिलटकरीण. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, परत गुंडाळायचं. बाळाने जांभई दिली तरी विचारायची, "मावशी, हे बरोबर आहे ना?" तिच्याबरोबर सासूबाई असायच्या. उंच, सडसडीत, बोलायला फटकळ. बाळाला मावशीने नाव ठेवलं होतं पैलवान. कारण तो काडीसारखा होता आणि चिडवल्याशिवाय मावशीला चैन पडत नसे.

पाचव्या महिन्यात पैलवान माझ्यावर झोपला. मी सहा किलो शंभर दाखवले. मागच्या महिन्यातही तेवढेच होते.

सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमच्या घरात अशी काडीपैलवान मुलं नसतात. याचा बाप सहाव्या महिन्यात कुणाला उचलत नव्हता."

बाळाला झबलं घालताना आईची एक बाही दोनदा चुकली.

पुढच्या महिन्यात थंडी पडली. मावशी म्हणाली, "दुपट्यासकट ठेव. दुपट्याचं वजन मी वजा करते." पैलवान दुपट्यात गुंडाळून आला. ताटलीत ठेवला आणि मी दचकलो. एका कडेला काहीतरी गार आणि टणक होतं. बाळ ऊबदार असतं, हलतं, श्वास घेतं. हे नुसतंच पडून होतं. लोखंडाचं कुलूप होतं ते, घराच्या दाराला लावतात तसलं.

मी काय करणार? मला किती ते सांगता येतं, काय ते सांगता येत नाही. जेवढं अंगावर आलं तेवढं दाखवलं. दुपटं वजा करून मावशीने लिहिलं, सहा किलो पाचशे.

"बघ, उगाच काळजी करतेस," मावशी म्हणाली. सासूबाई हसल्या. आई पण हसली, पण दुपटं उचलताना तिने आतली कड मुठीत अशी धरली की बोटं पांढरी पडली.

तिसऱ्या वेळी कुलूप होतंच. पण आणखी एक झालं. सासूबाई दुपट्याचं टोक नीट करायला वाकल्या आणि त्यांचं एक बोट ताटलीच्या कडेवर टेकलं. टेकलं ते तिथेच राहिलं. मावशी आकडा वाचेपर्यंत राहिलं. कार्डावर आलं, सहा किलो नऊशे.

मला वाटलं, यांचा हात चुकून राहिला असेल. पण चुकून राहिलेला हात सैल असतो. हे बोट दाबत होतं.

त्या दिवसापासून मला झोप नाही. म्हणजे काट्याला कसली झोप, पण काटा शून्यावर असला तरी आत स्प्रिंग ताणलेली असते, तसं झालं. कार्डावर पोर वाढत होतं आणि माझ्या ताटलीत होतं तिथेच होतं. दोन-चार दिवसांनी आई एकटीच दुकानात आली. मावशीला म्हणाली, "तो दूध पिता पिता थकतो. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कार्ड बघितलं आणि म्हणाले, वाढ छान आहे, तुम्ही काळजी करणं सोडा."

"मग सोड की," मावशी म्हणाली.

आई उभीच राहिली. तिला काहीतरी सांगायचं होतं. तेवढ्यात कुणी खोकल्याचं औषध मागायला आलं आणि ती निघून गेली. स्वतःच्याच हाताने तिने स्वतःच्या काळजीचं तोंड बंद करून ठेवलं होतं.

मग एका दुपारी दोघी धावत आल्या. पैलवान तापाने फणफणला होता. डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या, चिठ्ठी हातात होती. डॉक्टरांनी कार्डावरचं वजन बघून औषधाचं माप लिहिलं होतं.

मावशीने चिठ्ठी वाचली. बाटली काढली. आणि बाटली हातात धरूनच थांबली.

"त्याला ताटलीत ठेव. दुपटं काढून."

"असू दे ना मावशी," आई म्हणाली. "तापलाय. गार लागेल."

"तापलाय म्हणूनच. एवढ्या तापात गुंडाळून ठेवायचं नसतं. काढ."

"आठ दिवसांपूर्वीच तर केलं वजन. कार्डावर आहे."

"अगं, औषध कार्डाला द्यायचंय की बाळाला?"

आईने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई समोरच्या मलमांच्या डब्यांकडे बघत होत्या. आईने दुपटं सोडलं, झबलं काढलं, लंगोट काढला. पैलवान माझ्यावर आला. त्याचं अंग तव्यासारखं होतं आणि किती हलका होता हो. मी म्हाताऱ्या कारागिराचं ऐकलं. सहा किलो दोनशे.

मावशीने चष्मा पुसला, परत बघितलं. मला शून्यावर आणलं, पाच किलोचं वजन ठेवून तपासलं. मी बरोबर होतो. परत बाळ ठेवलं. सहा दोनशे.

"सातशे ग्रॅम कमी. आठ दिवसांत? काटा तर ठीक आहे."

बाळ कण्हत होतं. आईने पदराचं टोक बोटाला इतकं आवळलं की बोट काळंनिळं झालं. मग खाली बघूनच म्हणाली, "कुलूप होतं. दुपट्यात. दोन्ही वेळेला मीच ठेवलं. सगळे म्हणतात आईच्या दुधात कस नाही, म्हणून. आता मला काय बोलायचं ते बोला, पण त्याला औषध बरोबर द्या."

मावशीने फक्त विचारलं, "कुलूप कुठाय?"

ते पिशवीतच होतं. मावशीने ते माझ्यावर ठेवलं. चारशे ग्रॅम.

"कुलपाचे चारशे," मावशी म्हणाली. "गेलेत सातशे. बाकीचे तीनशे कुठे आहेत? आणखी काही ठेवलं होतंस का? नीट आठव."

"नाही हो. शप्पथ नाही."

"ते माझे," सासूबाई म्हणाल्या.

दोघींनी वळून बघितलं.

"माझ्या बोटाचे. मी दाबलं होतं." त्यांचा फटकळ आवाज कुठे गेला कळेना. "ही जेवत नव्हती. मागल्या महिन्यात आकडा वर गेला, तर त्या दिवशी पोटभर जेवली. मला वाटलं, या महिन्यातही जावा. मीच तर तिला बोलून बसले होते ना चारचौघांत. बोललेलं परत कसं घ्यायचं, मला येत नाही."

आई म्हणाली, "मी तुमच्या भीतीने कुलूप ठेवत होते."

"आणि मी तुझ्या काळजीने बोट. झाली की नाही पोराची माती दोघींच्या मधे."

"आता रडायचं नंतर," मावशी म्हणाली. "चूक माझीही आहे. थंडीचं निमित्त करून मीच नियम मोडला."

तिने डॉक्टरांना फोन लावला. औषधाचं माप बदलून घेतलं आणि खरे तीन आकडे वाचून दाखवले. सहा शंभर, सहा शंभर, सहा दोनशे. मग पलीकडचं ऐकून म्हणाली, "हो. आत्ताच पाठवते."

औषधाचा पहिला घोट मावशीने स्वतः मोजून पाजला आणि दोघींना परत डॉक्टरांकडे धाडलं. लघवी तपासली, रक्त तपासलं. लघवीच्या वाटेत कधीपासून जंतू बसले होते, वरून दिसत नव्हते, बाळाला वाढू देत नव्हते. डॉक्टर म्हणाले म्हणे, आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडाला धक्का बसला असता. हे आईने मावशीला सांगितलं आणि सांगता सांगता मटकन स्टुलावर बसली. सासूबाईंनी तिच्या हातातून बाळ घेतलं. म्हणाल्या, "दुधात कस नाही म्हणणाऱ्या आता कुठे गेल्या? मी धरून सगळ्या."

पुढच्या महिन्यात दोघी आल्या. पैलवान उघडा, पाय झाडत माझ्यावर झोपला. मी बघतो तर काय, आईने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. सासूबाईंनीही. शाळेत उभं करतात तशा दोघी उभ्या.

सहा किलो सातशे. पाचशे ग्रॅम, सगळे त्याचे स्वतःचे.

"वाचा ना मावशी," आई म्हणाली. तिला दिसत होतं, पण ऐकायचं होतं. मावशीने तीनदा वाचलं.

आता मी थकलोय. स्प्रिंग ढिली पडली, शून्यावर यायला वेळ लागतो. मावशीने लाल आकडे उजळतात तसला नवीन काटा आणलाय आणि मला या फळीवर बसवलंय. माझ्या ताटलीत कापसाच्या गुंडाळ्या असतात. तक्रार नाही. मऊ आहेत.

एकच मागणं आहे. बाळ घेऊन आलात तर दुपटं काढा. आकडा कमी आला तर तो आईचा निकाल नसतो. काट्याला तुमच्याशी वैर नाही, त्याला फक्त खरं बोलता येतं. आणि काही लपवलं असेल तर औषध देणाऱ्याला हळूच सांगा. तिथे असलं ऐकायची सवय असते.

परवा सासूबाई त्यांच्या गोळ्या घ्यायला आल्या होत्या. बरोबर पैलवान. आता शाळेत जातो, गालफडं भरलीत. फळीशी आला, कापूस बाजूला सारला आणि माझ्या ताटलीवर जोर लावून तळवा दाबला. माझा काटा सर्रकन वर गेला. पोरगं खूश.

"आजी, बघ किती."

आजीने त्याचा हात धरून अलगद उचलला. "त्याच्यावर बोट ठेवायचं नाही," म्हणाल्या, आणि पोराचा हात स्वतःच्या हातात घट्ट धरून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

मला वेळ लागला. पण मी शून्यावर आलो.