अव्वाची पुडी

लग्न होऊन मी पुण्याहून बेंगळूरला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "प्रमोदिनी, तेवढी पुडी आण गं फळीवरची." मी सगळी फळी धुंडाळली. कागदाची पुडी कुठेच दिसेना. शेवटी त्या स्वतः उठल्या, माझ्या नाकासमोरचा स्टीलचा डबा उचलला आणि झाकण काढून दाखवला. आत कोरडी, लालभडक चटणी होती.

"ही पुडी. तुमच्या पुण्यात काय म्हणतात?"

"चटणी."

"चटणी ओली असते," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

आमचं घर मराठ्यांचं, पण कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत कानडी असं मुरलंय की कुठला शब्द कुठला, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही. भुकटी केलेलं काहीही असो, ते इथे पुडीच. मला हे सगळं ऐकायला फार आवडतं. पण यंदा सफरचंदं बाजारात यायला लागली त्या दिवसांत, या एका शब्दापायी माझे सासरे उपाशी राहायची वेळ आली होती.

झालं असं, की मामंजींचे उरलेसुरले दात मारतहळ्ळीच्या दातांच्या डॉक्टरांनी काढून टाकले. हिरड्या भरून आल्या की नवी कवळी बसवायची होती. मामंजी म्हणजे हणमंतराव. सरकारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये आयुष्य गेलेलं, आवाज असा की मागच्या गल्लीतलं कुत्रं गप्प बसावं. पण दात गेले आणि हा माणूस एकदम लाजाळू झाला. खांद्यावरचा पंचा तोंडावर धरल्याशिवाय बोलेना. जेवतानाही भिंतीकडे तोंड करून बसायचे. पेज दिली की दोन घोट घेऊन वाटी सरकवायचे, नाचणीची आंबील दिली की नुसतं बघायचे. सदरा अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. एकदा न्हाणीच्या दारात तोल गेला, तेव्हा शंभूराजनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना घरी बोलावलं.

डॉक्टर म्हणाले, "सोमवारपर्यंत बघू. पोटात काही गेलं नाही तर दाखल करून सलाइन लावावं लागेल."

दाखल करायचं नाव ऐकलं आणि मामंजींनी पंचा डोळ्यांपर्यंत वर ओढला.

त्या दुपारी आत्याबाई त्यांच्यासमोर फतकल मारून बसल्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं नाव सोयराबाई. "अहो, तोंडाला काय रुचेल तेवढं तरी सांगा. सोन्याचं मागा, करून घालते."

पंचाआडून आवाज आला, "अव्वा पुडी."

आत्याबाईंचे डोळे भरून आले. अव्वा म्हणजे मामंजींची आई. तिला जाऊन वर्षं झाली, पण तिच्या हातच्या पुडीचं नाव अजून नात्यागोत्यात निघतं. "आईची आठवण आली हो ह्यांना," असं म्हणत त्या उठल्या आणि उखळ धुवायला घेतलं.

मग घरात पुड्यांचा कारखाना सुरू झाला. शेंगदाण्याची झाली, जवसाची झाली, कारळाची, कढीपत्त्याची. मऊ भातात तूप घालून, वर पुडी भुरभुरून वाटी पुढे केली. मामंजींनी एक घास घेतला आणि तिखट हिरड्यांना लागून डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आत्याबाईंना वाटलं, आईच्या आठवणीनं. त्यांनी दुसरा घास भरवला. मामंजी उठून गच्चीवर निघून गेले.

बिनतिखटाची केली. तीही नको. "अव्वानं काहीतरी लपवलं माझ्यापासून," आत्याबाई बत्ता आपटत म्हणाल्या. "मसाल्यात काय घालायची ते शेवटपर्यंत सांगितलं नाही म्हातारीनं. सुनेला कोण सांगतं?" आणि माझ्याकडे बघून, "मी तुला सगळं सांगते बरं का."

शेवटी मामंजीच पंचाआडून ओरडले, "अव्वा पुडी न्हवं! अव्वा पुडी!"

 शंभूराज मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "अण्णांच्या डोक्यावर परिणाम झालाय का गं?"

मला तसं वाटेना. डोळे तर अगदी जागेवर होते, चिडलेले, शहाणे. दोन्ही वेळा शब्द एकच, पण दुसऱ्यांदा पहिल्या अक्षरावर जोर होता. जोर कशाला? मी भांडी घासताना तोंडावर पदर धरून स्वतःशी म्हणून बघितलं. अव्वा. आव्वा. नव्वा. पदराआडून सगळं सारखंच ऐकू येतं.

आमची सौम्या चार वर्षांची. ती अज्जाच्या, म्हणजे आजोबांच्या मांडीवर, त्याच पंचाच्या तंबूत शिरून बसायची. ती म्हणाली, "अज्जा अव्वा नाही म्हणत. हव्वा म्हणतात."

पण सौम्या आंब्याला हांबा म्हणते आणि अंड्याला हंडं. तिच्या तोंडचा ह कोण मनावर घेणार? मीसुद्धा घेतला नाही.

शनिवारी दुपारी आत्याबाई म्हणाल्या, "जा, जरा बाहेर जाऊन ये. पुडीच्या ठसक्यानं पोरगी शिंकून शिंकून लाल झालीय." मी सौम्याला घेऊन मागच्या गल्लीतल्या डोरीन आंटींकडे गेले. त्या अँग्लो-इंडियन, एकट्या राहतात, नाताळात केक करून विकतात. माझ्या भावानं मला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन दिला तेव्हापासून मी त्यांच्याकडे शिकायला जाते. ओव्हनच्या झाकणाला काचेची गोल खिडकी आहे. मी आणि सौम्या त्यातून केक फुगताना असं बघतो की शंभूराज म्हणतो, तुम्हाला टीव्हीची गरजच नाही.

आंटी त्या दिवशी सफरचंदं चिरत होत्या. त्यांची बोली इंग्रजी, कानडी आणि हिंदीची भेळ. त्यांनी सांगितलं ते असं: खाली आंबट सफरचंदाच्या फोडी साखर घालून, वर केकचं पीठ, आणि भाजायचं. खालचं मऊ गोळा होतं, वरचं ढगासारखं. "माझी मम्मी शेवटी यावरच जगली. एकही दात नव्हता तिला."

माझे कान टवकारले. "नाव काय याचं?"

"ईव्ह्ज पुडिंग."

"ईव्ह कोण?" सौम्यानं चमचा चाटत विचारलं.

"देवानं केलेली पहिली बाई," मी म्हटलं. "तिनं खाऊ नको म्हटलेलं सफरचंद खाल्लं. मराठीत तिला म्हणतात ह…"

माझं मलाच ऐकू आलं.

"हव्वा!" सौम्या ओरडली. "अज्जाची हव्वा!"

हव्वा पुडिंग. दात नसले की शेवटचं अक्षर हवेत जातं, आणि पंचा तोंडावर धरला की पहिल्यातला ह. उरतं काय? मी आंटींना विचारलं, ईव्हला कानडीत काय म्हणतात हो? "हव्वा," त्या म्हणाल्या. "आमचा जुना कुक ईव्ह कधी म्हणायचाच नाही. का गं?"

मी चपला शोधायला लागले. मग परत वळले आणि कृती विचारून घेतली.

घरी मामंजी आरामखुर्चीत डोळे मिटून होते. मी जवळ बसले. "मामंजी, खाली सफरचंद?"

डोळे उघडले.

"आणि वर केक?"

पंचा खाली आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांचं तोंड पाहिलं. तान्ह्या सौम्याचं होतं तसंच, गुलाबी, मोकळं, आणि हसत होतं. त्यांनी एका तळहातावर दुसरा तळहात ठेवून दाखवला. खाली हे, वर हे. मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. लग्नाआधी, इंग्रज अजून होते तेव्हा, ते कँटोन्मेंटातल्या एका मेसच्या कोठीवर कारकून होते. अंतोणी नावाचा कानडी कुक होता. रविवारी साहेबांचं उरलं की तो कोठीच्या खिडकीतून वाटी सरकवायचा आणि म्हणायचा, घे, हव्वा पुडिंग, खा आणि पाप कर.

मागे खाडकन आवाज झाला. आत्याबाई बत्ता घेऊन दारात उभ्या होत्या.

"कोण ही हव्वा?"

"आत्याबाई, ती बायबलातली…"

"मी इकडे हात दुखेपर्यंत पुड्या कुटतेय, अव्वाच्या नावानं रडतेय, आणि ह्यांना हवीय हव्वा! लग्नाआधीची!"

मामंजींनी घाईनं पंचा वर घेतला. पण खांदे हलत होते. ते हसत होते.

"करा, करा तुम्ही सासरा-सून मिळून तुमची हव्वा," आत्याबाई म्हणाल्या आणि सगळ्या पुड्यांचे डबे आवाज करत फळीवर लावले.

रविवारी सकाळी मी हातगाडीवर गेले. लाल, चकचकीत सफरचंदं पुढे मांडली होती. मला मागच्या टोपलीतली हिरवट, खुरटी हवी होती. गाडीवाल्यालाच लाज वाटली. "अक्का, हुळी, बेडा," आंबट आहेत, नको, असं म्हणत तो लाल पुढे करत राहिला. "हुळीच बेकू," आंबटच हवीत, मी म्हटलं. त्यानं माझ्या पोटाकडे बघून गोड हसत जास्तीचं एक टाकलं. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

आंटींनी सांगितलं होतं, सेल्फ-रेझिंग मैदा असतो तो घे, नसला तर साध्या मैद्यात बेकिंग पावडर घाल. आत्याबाई लांबून बघत होत्या. राहवेना तेव्हा म्हणाल्या, "ते कसलं पीठ म्हणालीस?"

"आपोआप उठणारं."

"बरंय. या घरात कुणीतरी आपोआप उठतंय."

मी फोडी केल्या, साखर घातली, लिंबाची साल किसून टाकली. मग लोणी आणि साखर चमच्यानं फेसायला लागले. हात भरून आला, तरी पिवळं ते पिवळंच. आत्याबाई चार पावलं जवळ आल्या.

"काय करायचंय त्याचं?"

"पांढरं, हलकं होईपर्यंत फेसायचं."

"म्हणजे करंजीचा साटाच की! चमच्यानं होतो का कधी? सर." त्यांनी बांगड्या मागे सारल्या, परातीत लोणी ओतलं आणि तळहातानं गोल गोल फिरवायला लागल्या. बघता बघता ते पांढरं झालं, मग असं हलकं की पाण्यात थेंब टाकला तर तरंगावा. "आता बोल तुझी हव्वा," त्या म्हणाल्या. अंडी मी फोडली, मैदा मी मिसळला, पण परात त्यांनी सोडली नाही.

ओव्हनला लावलं. मी आणि सौम्या काचेला नाक लावून बसलो. कडेनं बुडबुडे आले, मधलं हळूहळू वर यायला लागलं. दालचिनी नव्हती घातली, तरी घरभर काहीतरी अनोळखी, गोड, आंबूस सुटलं. आतल्या खोलीतून आरामखुर्ची करकरली.

आणि वीज गेली.

काचेत काळोख. आत काय चाललंय? बसलं का? कच्चं राहिलं का? माझा हात झाकणाकडे गेला. आत्याबाईंनी मनगट धरलं.

"उघडायचं नाही."

"बघते फक्त, स्वल्प."

"स्वल्पच बघितलं म्हणून भात कच्चा राहतो. वाफ मुरू दे." त्यांनी झाकणावर जुनी सतरंजी टाकली, बाळाला पांघरूण घालावं तशी. "तुला सगळंच उघडून बघायची खोड."

खोड खरीच. पण त्या खोडीनंच इथवर आणलं होतं. वीज आली तेव्हा आत्याबाईंनीच सतरंजी उचलली. मध्यभागी खळगा पडला होता. कडा सोनेरी होत्या. मी काडी घालून बघितली, कोरडी निघाली.

स्टीलच्या वाटीत वाढून मी ते मामंजींच्या पुढे ठेवलं. शंभूराज दारात उभा. आत्याबाई खांबाला टेकून, काही देणंघेणं नसल्यासारख्या. मामंजींनी पंचा घडी करून मांडीवर ठेवला. चमच्यानं वरचं फोडलं, खालचं वर काढलं, तोंडात घातलं. डोळे मिटले. जबडा हळूहळू हलला. दुसरा चमचा. तिसरा. वाटी रिकामी झाली.

मग त्यांनी मान वर केली, आत्याबाईंकडे बघितलं आणि म्हणाले, "कश्ट."

थोडं थांबून पुन्हा, "कश्ट… ड."

आत्याबाईंचा पदर डोळ्यांकडे गेला. "कसले कष्ट हो? घरचंच तर माणूस. एवढं लोणी फेसलं तर हात झडतात का माझे?"

सौम्यानं तोंड उघडलं. डोरीन आंटींकडे तिनं पुडिंगवर पिवळं, दाट, गरम काय ओततात ते पाहिलं होतं, चाटलंही होतं. "अज्जाला कस्ट…" एवढं ती म्हणते तोच मी तिच्या तोंडात पुडिंगचा मोठा चमचा घातला.

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. आता पंचा उचलतील, भिंतीकडे वळतील, 'न्हवं, न्हवं' म्हणतील, असं मला वाटलं. ते आत्याबाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग रिकामी वाटी पुढे करून त्या बोळक्या तोंडानं, जमेल तितकं स्पष्ट म्हणाले, "लई कश्ट."

"पुरे झालं आता," म्हणत आत्याबाईंनी वाटी शिगोशीग भरली.

सोमवारी डॉक्टर आले. मामंजींनी त्यांना आधी पुडिंग खायला लावलं, मग नाडी धरू दिली. दाखल करायचं नाव पुन्हा निघालं नाही.

दुपारी सगळे झोपल्यावर मी डोरीन आंटींकडून कस्टर्डच्या पावडरीचा डबा मागून आणला आणि पुड्यांच्या मागे सरकवून ठेवत होते, तोच मागून हात आला. आत्याबाईंनी डबा घेतला, झाकण काढलं, चिमूट जिभेवर ठेवली आणि भुवया उंचावल्या.

"ही गं कसली पुडी?"