सायकलवरून पडल्याची खूण

लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा सासूबाईंनी फारशी चौकशी न करता निकाल देऊन टाकला. दोष बसचा. सून शहरात बस चालवायची, आणि दिवसभर इंजिनाजवळ धक्के खाणाऱ्या बाईच्या पोटात कोण मुक्कामाला येईल, असा त्यांचा सवाल होता. मग सुनेची कॉफी बंद झाली, थंड पाणी बंद झालं. रात्री पायाखाली दोन उशा आल्या. उशा जागेवर आहेत ना, हे बघायला सासूबाई दार न वाजवताच आत यायच्या, त्यामुळे उशा ज्या कामासाठी होत्या ते कामच होईना.

नवरा बेकर. त्याच्याकडे कुणी बोट दाखवायची सोय नव्हती. "माझ्या लेकाला जन्मात साधी शिंक आली नाही," असं सासूबाई येईल त्याला ऐकवायच्या. लेक पहाटेपासून भट्टीच्या तोंडाशी उभा असायचा, अधूनमधून मागच्या दारात जाऊन सिगारेट ओढायचा, आणि घरी आला की थकवा जावा म्हणून कढत पाण्याच्या टबात तासभर डुंबायचा.

शेवटी दोन वर्षांनी सुनेनेच वैतागून डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि नवऱ्यालाही बरोबर नेलं. सासूबाई न बोलावता बरोबर आल्या आणि बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

आधी सुनेची झडती झाली. पाळी, जुनी दुखणी, आईची साखर, सगळं. बसमध्ये सोय नसते म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही आणि दुपारी वेफर्सवर भागवते, हेही बाहेर आलं. रक्तात थायरॉइड जरा सुस्त निघालं. त्यावर गोळी होती, घाबरण्यासारखं काही नव्हतं.

मग नवऱ्याची पाळी. लहानपणी काही आजार, काही ऑपरेशन? त्याने छाती काढून नाही म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाई त्याला पडद्याआड घेऊन गेल्या. सून पडद्याच्या अलीकडे कान देऊन बसली होती.

"ही जांघेतली खूण कसली?"

"लहानपणी सायकलवरून पडलो होतो."

"सायकलने टाके फार सुबक घातलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सुनेला हसू फुटलं, ते तिने खोकल्यावर निभावून नेलं. त्या खुणेवरून हात फिरवत तीही कितीदा त्या पडण्याबद्दल हळहळली होती.

सासूबाईंना आत बोलावलं. त्यांनी आधी सायकलीचा रंग सांगून पाहिला. मग छताकडे पाहिलं, पर्सची चेन दोनदा उघडली-मिटली आणि हळूच म्हणाल्या, "एक गोटी खाली उतरलीच नव्हती. शाळेत जायला लागला तरी वरच. मग डॉक्टरांनी ओढून जागेवर बसवली."

बेकरला त्या दवाखान्यातलं फक्त आइस्क्रीम आठवत होतं. "मला का नाही सांगितलंस?"

"तू गावभर सांगत सुटला असतास. तुझं लग्न जमवायचं होतं मला."

आता मात्र सुनेचं हसू पळालं. दोन वर्षं ती पाय वर करून पडत होती. तिने आवाज चढवला नाही. "आई, गाडीत बिघाड असला तर आम्ही डेपोला सांगतो," ती म्हणाली. "ड्रायव्हरला शिव्या देत बसत नाही."

लेकाच्या तपासणीचा निकाल आला तेव्हा शुक्राणूंची संख्या कमी आणि चाल मंद निघाली, पण अगदीच नन्नाचा पाढा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं: झालेलं ऑपरेशन बदलता येणार नाही, पण शुक्राणूंना उष्णता आणि धूर मारक असतात, तेव्हा भट्टी, कढत टब आणि सिगारेट सोडता येईल. नवा माल तयार व्हायला तीनेक महिने लागतात, आणि खात्री कसलीच नाही.

बेकरने भट्टी भागीदाराच्या हवाली केली आणि स्वतः गल्ल्यावर बसला. सिगारेट सुटल्यापासून तो गिऱ्हाइकांवर असा खेकसायचा की लोक केक न्यायलाही घाबरत. सासूबाईंची पाळत आता लेकावर आली. त्या त्याचे शर्ट हुंगायच्या. हवा खेळती राहावी म्हणून त्यांनी त्याला अशा ढगळ चड्ड्या आणल्या की एकीत दोन बेकर मावले असते. सुनेने बेडरूमच्या दाराला आतून कडी बसवली. सासूबाईंनी कडी पाहिली आणि चकार शब्द काढला नाही. त्यांच्या तोंडून माफी म्हणून याहून जास्त काही येणार नव्हतं.

पुढचा रिपोर्ट बरा आला, पण बाकी काहीच नाही. एकदा पाळी लांबली आणि आली. त्या दिवशी सून डेपोच्या संडासात बसून पोटभर रडली, तोंडावर पाणी मारलं आणि बस घेऊन निघाली. घरी तिने कुणाला सांगितलं नाही.

वर्ष उलटल्यावर एका दुपारी ती युनिफॉर्ममध्येच बेकरीत शिरली, रांग मोडून गल्ल्याशी गेली आणि नवऱ्याच्या कानात दोन शब्द बोलली. डोळे पुसायला त्याच्या हाताशी ब्रेड गुंडाळायचा कागदच होता.

रांगेतल्या म्हाताऱ्याने काळजीने विचारलं, "काही वाईट बातमी?"

"नाही," बेकर म्हणाला. "बायकोला दिवस गेलेत."

"बरं झालं," म्हातारा म्हणाला. "मग आता तरी जरा नीट बोलाल."