टाकीत सासूची झोप

आमच्या सुनेची, पायलची, बाळंतपणं चहाच्या आधणाला हरवतात. कौतुक नाही आणि तक्रारही नाही, जे झालं ते सांगते.

पहिल्या खेपेला तिला कळ आली तेव्हा मी नुकता चहा ठेवला होता. म्हटलं, घोटभर पिऊन निघू. तो तसाच सोडून देवरावच्या ऑटोत बसावं लागलं. राजूरहून वणीच्या दवाखान्यात निघालो तर मधे रेल्वेचं फाटक पडलेलं. कोळशाची मालगाडी अशी चाललेली, की तिला शेपूटच नसावं. माझी नात समीक्षा तिथेच आली, ऑटोच्या मागच्या सीटवर. मागे न पाहता देवरावनं आपला दुपट्टा माझ्याकडे फेकला आणि हँडल धरून रडत बसला, जशी काही त्याचीच सून बाळंत होत होती. बाजूला ट्रकवाले हॉर्न वाजवतच होते. मोहल्ल्यात समीक्षाला अजून फाटकवाली म्हणतात.

दुसऱ्या खेपेला मी चहा ठेवलाच नाही. गाडी आधीच मागून आणून दारात उभी होती. पण माझा राजदीप तिची चाबी शोधत बसला. खाणीत इलेक्ट्रिशियन आहे, जमिनीखालच्या अंधारात त्याला वायरीचं टोक सापडते, घरातल्या उजेडात चाबी सापडत नाही. ती खिशातच निघाली. तोवर संघदीप उंबऱ्यावर माझ्या पदरात आला होता.

आता तिसरी खेप. पायलला सातवा लागला तशी माझी लेक साधना सुट्टी टाकून घरी आली. साधना नर्स आहे. हैदराबादेत बाळंतपणाचं वेगळं शिक्षण घेतलं तिनं, डॉक्टरच्या बरोबरीनं उभी राहते. तिला शिकवताना लोक मला म्हणत, पोरीला इतक्या दूर पाठवते का? त्यांच्याच पोरी आता तिला फोन करून विचारतात.

तर ही साधना आणि पायल, दोघी नणंद-भावजया, स्वयंपाकघरात खुसूरफुसूर करत होत्या. मी गेले की चूप. मी म्हटलं, "काय शिजून राह्यलं व? मले सांगा नाईतर दोघीही बाहेर व्हा."

साधनाच बोलली. "आई, वहिनीचं बाळंतपण घरीच करू. कोमट पाण्यात. मोठ्या टाकीत बसवायचं. आमच्या दवाखान्यात बाया अशाच बाळंत होतात."

"टाकीत?"

"हो."

"म्हशीवानी?"

माझं डोकं तापलं. माझ्या सासूनं मला गोठ्याच्या बाजूला बाळंत केलं होतं, पोत्यावर. सुईण दाराबाहेरूनच सांगत राहिली, आत आली नाही. का आली नाही ते सांगायला नको. त्याच दिवशी मी मनात धरलं होतं, की माझ्या घरातली सून लोखंडी खाटेवर, पांढऱ्या चादरीवर, डॉक्टरच्या समोर बाळंत होईल. म्हणून तर पोरीला नर्स केलं. आणि तीच पोरगी मला पुन्हा घरातली जमीन दाखवते!

हे सगळं मी बोलले. मोठ्यानं बोलले. बाहेरच्या ओट्यावरून माझे मालक नागोराव म्हणाले, "राजदीपची माय, आवाज वणीपर्यंत गेला."

"जाऊ द्या. फाटक पडलं असन तरी माहा आवाज जाते."

पायल तुरीची डाळ पाखडत होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "आई, तुमची पांढरी चादर मले भेटली कुठं? एकदा ऑटोची सीट, एकदा उंबरा. मले बाळंतपणाचं भेव नाई वाटत. मले रस्त्याचं भेव वाटते. रोज सपनात फाटक दिसते, अन् ते पडलेलंच असते."

पायल मोजून बोलणारी बाई. दोन्ही वेळा तिनं माझा हात इतका आवळला होता की बांगड्या फुटल्या, पण तोंडातून शब्द काढला नव्हता. ती सात महिन्यांची पोटुशी, आणि सपनात फाटक. तिनं पुन्हा सूप उचललं.

पण ऐकून घेतलं म्हणजे मान डोलावली असं नाही. मी म्हटलं, आधी डॉक्टरणीकडे चला. वणीची डॉक्टरीण पायलला पहिल्यापासून तपासते. तिनं सोनोग्राफी पाहिली, रक्त पाहिलं, म्हणाली, "मी तर दवाखान्यातच या म्हणेन. महिनाभर आधी वणीत खोली घेऊन राहा."

पायल म्हणाली, "दोन लेकरं घेऊन? अन् यांची खाणीतली पाळी?"

डॉक्टरीण साधनाला बरंच इंग्रजीतून विचारत राहिली. साधनाही तिला इंग्रजीतून उत्तरं देत राहिली. मला एक अक्षर कळलं नाही, पण कोणी कोणाला दबत नाही एवढं कळलं, आणि ऊर भरून आला. शेवटी डॉक्टरीण म्हणाली, बाळाचं डोकं खाली असेल, नववा पूर्ण असेल, साधना हजर असेल आणि गाडी दारात असेल, तरच. यातलं एक जरी चुकलं तरी सरळ इकडे. माझा फोन चालू राहील.

परत येताना फाटक पडलेलंच होतं. पायल माझ्याकडे पाहून हसली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

राजदीपनं पाचशे लिटरची काळी टाकी आणली. वरचा भाग कटरनं कापला, कड टोचू नये म्हणून जुना पाईप चिरून सगळीकडून बसवला. काम चांगलं केलं, पण ठेवली अंगणात. पाणी भरून पाहिलं, गळती नव्हती. संध्याकाळी पाहते तर पाण्यावर कोळशाची काळी साय! आमच्या गावात वाळत घातलेलं धोतरही खाणीतून आल्यासारखं दिसते, आणि हा पठ्ठ्या उघड्यावर पाणी भरतो.

"इथंच जन्मला ना बापा तू?" मी म्हटलं. "की तुले बी कोणी हैदराबादहून आणलं?"

टाकी आतल्या खोलीत गेली. वर झाकायला मी पेटीतून पांढरी चादर काढली. कोरी होती. पहिल्या खेपेच्या आधी घेतलेली, दवाखान्यात नेण्यासाठी. दोन्ही वेळा घरीच राहून गेली होती.

तरी मी हो म्हटलेलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं की मी हो म्हटल्याशिवाय त्या टाकीत मिरच्यासुद्धा भिजणार नाहीत.

मग पायलनं डाव टाकला. आमच्या घरात एक रीत आहे. बाळंतिणीची बाज नव्या दोरानं इनली की आधी तिच्यावर सासूनं एक झोप काढायची. दोर टोचत असेल, बाज झोल खात असेल, तर ते सासूच्या पाठीला कळावं, कच्च्या अंगाच्या सुनेला नाही. माझी सासू माझ्या बाजेवर झोपली होती. पोत्यावर बाळंत केलं तिनं, पण बाजेची रीत चुकवली नाही. पायलच्या दोन्ही खेपांना मी झोपले. एकदा तर उठून अर्धी बाज पुन्हा इनायला लावली होती.

त्या दिवशी सगळे जेवायला बसले असताना पायल वाढता वाढता म्हणाली, "आई, बाजेवर आधी तुमीच झोपता ना?"

"हो मंग."

"मंग टाकीत आधी कोण बसन?"

राजदीपचा घास हातातच राहिला. साधना ताटात तोंड खुपसून हसत होती. नागोरावांनी पाण्याचा गिलास तोंडाला लावला तो लावलाच.

मी म्हटलं, "लई शायनी झाली तू."

पण रीत ती रीत. माझ्या सासूची रीत मी मोडणार नव्हते, आणि सुनेनं मला शिकवावी ही वेळ तर येऊच देणार नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाप-लेकांना बाहेर काढलं, दार लावलं. साधनानं कोमट पाणी भरलं, कोपर बुडवून पाहिलं. मी जुनं लुगडं नेसून टाकीत उतरले. उतरताना दोघींना शिव्या देऊन घेतल्या, पुढे जमेल न जमेल म्हणून.

बसले, आणि बाई, काय सांगू. तीस वर्षं कापूस वेचलेले हे गुडघे, रात्री उशी घेतल्याशिवाय सरळ होत नाहीत. ते पाण्यात आपोआप सैल सुटले. कंबर हलकी झाली. माझं सगळं वजन कोणीतरी हातावर झेलून धरलंय असं वाटलं, आणि मला आठवेना की याआधी कोणी माझं वजन कधी धरलं होतं.

साधना म्हणाली, "कसं वाटते?"

"चूप बस. पाह्यते आहे."

"काय पाह्यते?"

"दोर टोचते का ते."

मग मी चहा मागितला. पाण्यातच प्याले. आणि रीतीत झोप सांगितलेली आहे, नुसतं बसणं नाही, म्हणून पाईपाच्या कडेवर मान टेकवून झोपले. साधना अधूनमधून गरम पाणी ओतत होती. केव्हातरी बाहेरून नागोरावांचा आवाज आला, "राजदीपची माय, जिती हायेस ना?"

"हाओ. जा तिकडे."

उठले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. लुगडं पिळत मी पायलला म्हटलं, "बस टाकीत. पण माह्या अटी हायेत." फाटक आपल्याला अडवते तसं साधनालाही अडवेल, तेव्हा ती या घराबाहेर झोपणार नाही. देवरावनं आता व्हॅन घेतली, ती आमच्या दारात तोंड रस्त्याकडे करून उभी राहील आणि चाबी माझ्या कमरेला राहील. आणि तिसरी गोष्ट या दोन शिकलेल्या बायांच्या डोक्यातच आली नव्हती.

"हिचं लेकरू चहाच्या आधी येते," मी म्हटलं, "अन् टाकी भराले अर्धी दुपार लागते. लेकराले काय थांब म्हणान?"

साधना डोकं खाजवायला लागली.

मी विहारात गेले. आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष मीच आहे. जयंतीच्या भोजनदानाचे मोठे गंज, म्हणजे पातेली, कुलपात असतात, ते आणले. शेजारची वच्छलाबाई शेतकरीण, तिच्या बैलांच्या कोठ्याबाहेर पऱ्हाटीचा ढीग पडलेला. कापसाच्या वाळल्या काड्यांसारखा जाळ गॅसला येत नाही.

वच्छलाबाई म्हणाली, "काय व सत्यभामा, सुनेले डुबवते म्हणे?"

"डुबवते. तुले बी डुबवते, ये. आधी दोन भारे पऱ्हाटी दे."

दिली तिनं. मग नववा लागल्यावर अंगणात चुलीवर दोन गंज झाकून, कायम गरम. टाकी रोज घासून कोरडी, वर चादर. गल्लीतल्या बायांना मी सांगून ठेवलं, मी ताट वाजवलं की बादल्या घेऊन यायचं, आणि तोंड बंद ठेवून यायचं.

नववा भरला, डॉक्टरणीनं डोकं खाली असल्याचं पाहिलं, आणि एका सकाळी पायल संघदीपला अंघोळ घालत होती. तिनं त्याला टॉवेलात गुंडाळून नागोरावांकडे दिलं आणि म्हणाली, "आई, चहा ठेवा."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. चहा ठेवला आणि ताट वाजवलं.

बाया आल्या. तोंड बंद नव्हतं, पण बादल्या भरलेल्या होत्या. चुलीपासून खोलीपर्यंत हातोहात पाणी गेलं. वच्छलाबाई सगळ्यात पुढे, पदर खोचून. साधनानं कोपर बुडवलं, म्हणाली बस. मी बायांना बाहेर काढलं, चादर उचलली आणि पायल पाण्यात उतरली.

तिनं श्वास सोडला तो मी ओळखला. माझाही तसाच सुटला होता.

दूरवर फाटकाची घंटी वाजायला लागली, मग मालगाडीचा भोंगा. पायलनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"पडू दे," मी म्हटलं. "आज आपल्याले कुठी जायचं नाई."

ती हसली. कळ आणि हसू एकदमच आलं. तिनं माझा हात धरला, पण आवळला नाही. साधना हळू आवाजात तिच्याशी बोलत राहिली. गाडी अजून धडधडत होती तेव्हा साधनानं पाण्यातून लेकरू वर उचललं आणि पायलच्या छातीवर ठेवलं. पोरगी. एकदा शिंकली, मग रडली. साधनानं लेकराला तपासलं, आईला तपासलं, रक्त पाहिलं, डॉक्टरणीला फोन लावला आणि मगच पोरगी माझ्या हातात दिली. संध्याकाळी देवरावच्या व्हॅनमध्ये बसून दोघींना वणीला दाखवूनही आणलं. फाटक उघडं होतं.

पण ते नंतर. आधी पायलला मी नव्या बाजेवर निजवलं. बाज मी झोपून पाहिलेली, आणि वर ती पांढरी चादर. पायलनं हात फिरवून चादर चाचपली.

"आई, या खेपेले मी धावली नाई," ती म्हणाली.

"अन् लेकरू बी उशिरा आलं," मी म्हटलं. "चहा उतू गेला."

राजदीप आता विचारतो, टाकी विकून टाकू का? मी म्हटलं, हात लावून पाह्य. वच्छलाबाईची कंबर दुखते, ती बुधवारी येणार आहे.