बुटकीचा उलटा ब्रेक

शेडच्या भिंतीत दोन खिळे होते आणि खिळ्यांना चहाचे दोन मग. त्यातला निळा थोरलीनं बाबांसाठी आणला होता. वेल्डरबाई आत आली, तिनं न बघता हात वर केला, निळा मग काढला, थर्मासमधला चहा त्यात ओतून एक घोट घेतला आणि दुसरा, कान तुटलेला, थोरलीपुढे धरला.

"घ्या ताई. हा उस्तादांचा."

कान तुटलेला मग कसा धरायचा हे थोरलीला ठाऊक नव्हतं. बोटं भाजली, तरी तिनं तो खाली ठेवला नाही. हिनं आपल्याला ताई म्हणायचं काय कारण, एवढंच तिच्या मनात आलं.

बाबांना जाऊन तीन-चार महिने झाले होते. थोरली आणि तिचा धाकटा भाऊ घर रिकामं करत होते. कपाटं, भांडी, पलंग यांचा निकाल झटपट लागला. घोडं अडलं ते शेडमधल्या बुटकीपाशी.

बुटकी म्हणजे कारखान्यातल्या कारखान्यात माल वाहणारी जुनी मोटरगाडी. तीन चाकं, मागे फळ्यांचा सपाट तळ, आणि पुढच्या एकुलत्या एका चाकाच्या डोक्यावर पिंपासारखं गोल इंजिन. बसायला जागा नाही. चालवणाऱ्यानं लोखंडी पाटावर उभं राहायचं, हातात लांब दांडा धरायचा आणि वळायचं झालं की इंजिनासकट चाक फिरवायचं. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात, झुडपात तोंड खुपसून ती उभी होती. आयुष्यभर बस डेपोत मोठाली इंजिनं उघडणारे बाबा या कंबरेएवढ्या गाडीवर भाळले आणि तिला घरी घेऊन आले. उचलायला-ठेवायला हात हवा होता म्हणून गल्लीच्या टोकाला ट्रकांच्या बॉड्या बनवणारी वेल्डरबाई मदतीला आली, ती आलीच. बाबा तिला "पोरी" म्हणायचे, ती त्यांना "उस्ताद".

थोरलीला ते "बाईसाहेब" म्हणायचे. पुस्तकं फार वाचते म्हणून, कौतुकानंच. लहानपणापासून ती त्या नावावर खूश होती. मग एकदा शेडच्या दारात उभी असताना तिनं ऐकलं, "पोरी, तेरा नंबरचा पाना दे." तेव्हापासून तो शब्द भातातल्या खड्यासारखा तिच्या दाताखाली येत राहिला.

"ताई, एवढा कसला विचार करतेस?" धाकटा म्हणाला होता. "बुटकी त्या बाईला देऊन टाकू. घाम तिनं गाळलाय."

"मी नेईन."

"कुठे? तिसऱ्या मजल्यावर? गॅलरीत कुंड्यांच्या रांगेत उभी करणार?"

"बघेन मी काय ते."

"तुला साधी सायकल येत नाही, ताई."

"म्हणून काय झालं?"

"काही नाही झालं. शेजाऱ्यांचं नशीब, एवढंच म्हणतो."

नेऊन उपयोग नाही हे तिलाही कळत होतं. पण दिली, तर उस्तादांची गाडी म्हणून ती कायमची वेल्डरबाईच्या दारात उभी राहणार. येणारा-जाणारा विचारणार, ही कुणाची हो? आणि सांगायला तिथे पोरी असणार. बाईसाहेबांना कोण विचारतंय!

तेव्हा थोरलीनं आपल्या हत्यारानं लढायचं ठरवलं. बुटकीची नावपट्टी कधीच गळून गेली होती. पुढच्या पत्र्यावर चार भोकं तेवढी उरली होती. ही कुठल्या घडणीची, कशासाठी बनवलेली, याचा पत्ता बाबांना शेवटपर्यंत लागला नाही. ते म्हणत, रेल्वे स्टेशनावर सामान वाहणारी असेल. वेल्डरबाई म्हणे, मग सांध्यासांध्यांत भाजलेली माती कशी? थोरली ग्रंथालयात कामाला होती. यंत्रांच्या जुन्या मासिकांचे बांधीव खंड तिनं तळघरातून वर आणवले, शिंका देत चाळले, आणि एका पानावर अचानक बुटकी समोर आली. तेच पिंप, तोच दांडा, तीच अर्धगोल जाळी. विटा आणि फरशांच्या कारखान्यांसाठी मुद्दाम बनवलेली; भट्टीपासून वखारीपर्यंतच्या अरुंद वाटांतून जाणारी. फोटोत टोपी घातलेला एक माणूस पाटावर दोन्ही पाय रोवून असा ऐटीत उभा होता, जसं काही जहाजच हाकतोय.

त्या पानाची प्रत घेऊन ती आज आली होती. वेल्डरबाईनं चहा बाजूला ठेवला, हात पँटला पुसले आणि कागद दाराच्या उजेडात धरला.

"आई गं! हीच की!" ती ओरडली. "जाळी बघा, जाळी. आम्ही ती खालचं वर करून बसवलीय. आणि माती मी सांगितलीच होती. पण उस्ताद म्हणजे उस्ताद, ऐकतील तर शपथ! कसं शोधलंत हो ताई?"

तिचा चेहरा पडेल असं थोरलीला वाटलं होतं. तो फुलला. हे त्याहून वाईट झालं.

"आता एकच दुखणं उरलं," वेल्डरबाई म्हणाली. "ब्रेक. इंजिन ठणठणीत आहे, पण हिचा ब्रेकच उलटा. पेडल सोडलं की लागतो, दाबलं की सुटतो. कुणातरी दीडशहाण्यानं स्प्रिंग उलटी जोडली असणार. आम्ही कितीदा उघडली, पण दुसऱ्या बाजूनं ती बसतच नाही. मी म्हणत होते, हा रॉड कापते, इथे आडवा तुकडा टाकते, झालं सरळ. तर उस्ताद म्हणायचे, पोरी, बनवणारा गाढव नव्हता. चूक आपलीच असेल, सापडेल." ती हसली. "यावरून आमचं इतकं वाजायचं म्हणून सांगू! एकदा तर आठवडाभर अबोला धरला होता म्हाताऱ्यानं."

बाबांनी थोरलीशी कधी अबोला धरला नव्हता. तिच्याशी त्यांचं कधी वाजलंच नव्हतं. त्या भांडणाचासुद्धा तिला हेवा वाटला.

"उद्या गॅस कटर आणते," वेल्डरबाई म्हणाली. "मग तुम्ही न्या नाहीतर मी ठेवते. पण गाडी चालती हवी. बिनभरवशाच्या ब्रेकवर बाहेर कशी काढायची?"

"आणा," थोरली म्हणाली.

ती गेल्यावर थोरली शेडमध्ये एकटीच उरली. दोन स्टुलं होती. एक उंच, एक बुटकं, दोन्ही गाडीच्या एकाच बाजूला, जवळजवळ. तिसरं कुठेच नव्हतं. बसायला जागा नाही म्हणून ती बुटकीच्या पाटावर चढली. दांडा हातात धरला. फोटोतल्या माणसासारखे दोन्ही पाय रोवायला गेली, तर डावा पाय ठेवायला पेडलाशिवाय जागाच नव्हती. पेडल तिच्या वजनानं खाली गेलं. शेडची फरशी धुण्याचं पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतरती होती. बुटकी कण्हली आणि चालू लागली.

गाडी चालवणाऱ्या कुणीही पाय आणखी जोरानं दाबला असता. थोरलीच्या पायाला तशी सवयच नव्हती. घाबरलेली माणसं करतात तेच तिनं केलं, उडी मारली. पेडल वर आलं आणि बुटकी जागच्या जागी थिजली.

थोरलीनं दारातून वळून पेडलाकडे बघितलं. मग पुन्हा चढली. गाडी चालली. उतरली. गाडी थांबली.

हा उलटा ब्रेक नव्हता. उभ्या माणसाचा ब्रेक होता. अरुंद वाटेवर चालवणारा घसरला, पडला, तर गाडीनं त्याच्यावाचून एक पाऊल पुढे जाऊ नये, म्हणून बनवलेला. बाबा आणि वेल्डरबाई, दोघंही बसून चालवायच्या गाड्यांची माणसं. पेडल म्हणजे दाबलं की थांबणार, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. जी चूक नव्हतीच, ती दोघं मिळून शोधत बसले होते.

तिला हसू फुटलं, आणि पाठोपाठ एक काळी, गोड गोष्ट मनात आली. हे फक्त मला माहीत आहे. उद्या ती रॉड कापेल. कापू दे. कापून झाल्यावर सांगेन. बाबांनी सांभाळलेली वस्तू पोरीनं आपल्या हातानं मोडली, हे तिला जन्मभर पुरेल.

दुसऱ्या दिवशी वेल्डरबाई ढकलगाडीवर सिलिंडर घालून हजर झाली. धाकटाही आला होता. वेल्डरबाई बुटकीखाली शिरली आणि रॉडवर खडूनं पांढरी रेघ ओढली.

"इथून कापते. ठीक ना, ताई?"

थोरलीनं मान हलवली. होय की नाही, ते तिचं तिलाही कळलं नसतं.

"बाबा असते तर कापू दिलं असतं का?" धाकटा सहज म्हणाला.

"छे! जीव घेतला असता माझा." गाडीखालून आवाज आला. "तसा एकदा मी कापणार होतेच. या ताईंमुळे."

"माझ्यामुळे?"

वेल्डरबाई सरपटत बाहेर आली आणि बुटक्या स्टुलावर बसली. "तुमचा रविवारचा फोन! मी हातात काहीही धरून उभी असू दे, फोन वाजला की 'धर जरा, बाईसाहेबांचा आहे,' म्हणून उस्ताद बाहेर. अर्धा-अर्धा तास. एकदा मी ते पुढचं चाक छातीशी धरून बसले होते, बाळंतिणीसारखी. आणि आत आले की वर मला सांगणार, बाईसाहेब सध्या काय वाचतायत. मला काय करायचंय हो पुस्तकाशी? माझे दंड भरून आलेत ते बघा ना! अशी आग व्हायची माझी. एका रविवारी वाटलं, बोलत बसलेत तोवर टाकावा रॉड कापून. खडूनं खूण केली. अशीच, इथेच."

"मग?" थोरलीनं विचारलं.

"मग काय. ते आत यायच्या आधी पुसली."

ती उठली, काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कटर पेटवला. ज्योत आधी पिवळी फुरफुरली, मग निळी, टोकदार झाली. थोरली त्या रेघेकडे बघत होती.

"थांबा," ती म्हणाली. "कापू नका."

"का?"

"आधी पाटावर उभ्या राहा. दोन्ही पाय ठेवून."

वेल्डरबाईनं ज्योत विझवली, चष्मा कपाळावर चढवला आणि काही न कळून पाटावर चढली. बुटकी उताराला लागली. धाकटा दारातून बाजूला झाला. वेल्डरबाईनं घाबरून, सवयीनं पेडल जोर लावून दाबलं, आणि गाडी तशीच दाराशेजारच्या भिंतीच्या रोखानं निघाली.

"लागत नाही! ब्रेक लागत नाही!"

"अगं, उतर!" थोरली ओरडली. "पाय काढ आणि उतर!"

वेल्डरबाईनं उडी टाकली. बुटकी भिंतीपासून हातभर अंतरावर गप्प उभी राहिली.

वेल्डरबाई पेडलापाशी वाकली. मग तिनं तळहातानं ते दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग मटकन खाली बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता काजळलेल्या मनगटानं डोळे पुसायला लागली.

"बनवणारा गाढव नव्हता," ती म्हणाली. "गाढवं आम्ही. दोघंही. तुम्हाला कसं कळलं, ताई?"

"मला सायकलसुद्धा येत नाही," थोरली म्हणाली. "म्हणून."

खडूची रेघ तिनं स्वतः वाकून पुसली. घर जायचं होतं, शेड जायची होती आणि तिसरा मजला तिसराच राहणार होता. बुटकीनं गल्लीच्या टोकाला राहायला जावं, हे मग कुणी वेगळं बोललं नाही.

वेल्डरबाईनं हँडल मारलं. इंजिन खोकलं, थुंकलं आणि एका तालात धडधडू लागलं. पाट एकाच माणसाच्या पायांपुरता होता. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"चढ तू," वेल्डरबाई म्हणाली. तिचंही "तुम्ही" कुठेतरी गळून पडलं होतं. "वडील तुझे आहेत."

थोरली चढली. बुटकी माणसाच्या चालीनं गल्लीतून निघाली. वेल्डरबाई बाजूनं चालत, मान वाकडी करून इंजिनाचा आवाज ऐकत होती. दांडा थोरलीच्या हातात उड्या मारत होता आणि गाडी या कडेपासून त्या कडेला झिंगल्यासारखी जात होती. धाकटा मागून ओरडला, "ताई, रस्ता सरळ आहे!"

गल्लीच्या मध्यावर तिनं पाय काढला आणि ती खाली उतरली. गाडी तिच्याबरोबर थांबली.

"आता तू."

वेल्डरबाईनं एकदा तिच्याकडे बघितलं आणि पाटावर चढली. पहिल्या दहा पावलांतच गाडी सुतासारखी सरळ झाली. कोपऱ्यावर तिनं कंबरेतून नुसती एक लचक दिली आणि बुटकी आपल्याभोवतीच गिरकी घेऊन वेल्डिंगच्या दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली, जशी काही रोज तिथेच येत होती.

थोरलीला पुन्हा बारीकसं टोचलं. ती चालत तिथवर गेली.

"निळा मग माझा आहे," ती म्हणाली. "मी आले की मला त्यात चहा."

"आणि मला?"

"तुला कान तुटलेला."

वेल्डरबाईनं थोडा विचार केला. "चालेल," ती म्हणाली. "तोच तर हवा होता मला."